एकशे वीस पावलांचं कुंपण

घोड्यांचा फार्म, भोरच्या वर
ता. ४ मे २०२५

चि. पिंकी,
जय भीम वि.वि. आईले जय भीम. बाबांलेही सांग, त्यांनी परत केला तर तुझ्याजवळच ठेवजो.

तर माजरीच्या कोळसा खाणीतलं काम मी सोडलं नाई, हे मी किती खेपा सांगू. एकोणीस दिवस केलं, विसाव्या दिवशी सकाळी मन उठलंच नाई, त्याले सोडणं म्हणत नाईत. अन् सफारीच्या जिप्सीवरचं काम गेलं ते पावसात जंगलाचं गेट बंद झालं म्हणून, ते सगळ्यायचंच जाते. पण बाबा आल्यागेल्याले सांगतात का आमच्या विक्कीचा पाय एका जागी ठरत नाई. इथी आठ महिने झाले. आठही महिने हेच पाय होते, त्यायले सांगजो.

मागच्या इतवारी मी खाली गावात उतरून फोन केला. इथी डोंगरात टावर नाई, ऑफिसात एक फोन हाय तो घोड्याच्या डॉक्टरासाठी. बाबा फोनवर आले नाईत, पण मागून त्यायचा आवाज आला का एकशे वीस पावलांच्या कुंपणाले खांब किती लागतीन ते इचार त्याले, लय कुंपणं घालून राह्यला म्हणते ना. मी चाळीस म्हणलो. मंग तू पुन्हा इचारलं त मी पन्नास म्हणलो. बाबा हासले ते मले ऐकू आलं. रस्त्यावर ट्रका चालू होत्या पिंके, तिथी कोण हिशेब करन.

आता तू म्हणते कागदावर लिहून धाड. धाडतो, पण आधी मले समजू दे. आमच्या इथी कुंपण म्हणजे आठ-आठ फुटावर लाकडाचा खांब, त्याले तीन आडव्या बल्ल्या, चारही बाजू जुळल्या का झालं, घोडा आत. आपल्या घरी घोडा नाई. शेळ्या दोन, त्या बल्लीखालून जातीन. रानडुकराले त लाकडाचं काईच वाटत नाई. मंग कोणाले अडवाचं हाय? बाजू किती? फाटक कुठी? हे लिहिजो, तू बारावी पास हायेस.

बिरजू नावाचा एक पोरगा माझ्यासंगं खोलीत हाय, भामरागडकडला. त्याच्या गावचा रस्ता जूनमध्ये बंद होते म्हणून तो आत्तापासूनच घरी चार-चार पत्रं लिहून ठेवते. त्याचं पाहून मीबी लिहून राह्यलो. रागवू नको, अन् माया आहे तेवढी राहू दे.
तुझा दादा,
विक्की

---

मोहर्ली
ता. १२ मे २०२५

ती. विक्कीदादास,
पिंकीचा सप्रेम जय भीम वि.वि. बाबांनी तुझा जय भीम घेतला. आधी हूं म्हणाले, मग घेतला.

तुझं पत्र आईनं चुलीजवळ बसून ऐकलं, बाबांनी दारात बसून. माजरीचं आलं तेव्हा बाबा खोकलले. आठ महिन्यांचं मी दोनदा वाचलं, मुद्दाम.

आता तुझ्या प्रश्नांची उत्तरं. बाजू एकच. आपल्या दाराच्या पायरीपासून निघाचं, वाडीच्या कडेकडेनं जाचं, मागं विहाराच्या पायरीशी थांबाचं. फाटक नाही. आडवी बल्ली एकच, कमरेइतकी उंच. साल सोलून हात फिरवला तर गुळगुळीत लागली पाहिजे. आणि बल्ली पायवाटेच्या अंगानं ठोकाची, वाडीच्या अंगानं नाही. हे सगळं बाबांनी सांगितलं तसंच लिहून राह्यले, मले विचारू नको. मीही विचारलं होतं की यानं शेळी कशी अडन. ते म्हणाले, मी शेळीचं नाव घेतलं का?

लांबी एकशे वीस पावलं. बाबांनी स्वतः मोजली. तुले माहीत आहे, लाकडाच्या डेपोत होते तेव्हा ठेकेदार फीत काढाचे नाहीत, वामनरावचं पाऊल म्हणजे अडीच फूट, तेवढ्यावर थप्प्या लागाच्या.

आणि दादा, हे मस्करीवर नेऊ नको. आषाढ पौर्णिमेले वर्षावास सुरू होते. तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन, अठरा वर्षांपासून बाबाच वाचतात. यंदा म्हणतात, तोवर कुंपण झालं तर वाचीन, नाही तर प्रवीणनं वाचावं. प्रवीण म्हणजे आपल्या मागचा, टाइल्स बसवते तो. तो बिचारा हादरला. वाचनाचा आणि कुंपणाचा काय संबंध म्हणून आईले विचारलं तर तिनं मलेच पाणी आणाले धाडलं. मले इतकंच समजते की बाबांनी वाचणं सोडलं तर ते दारातून उठणारच नाहीत. आत्ताच अर्धा दिवस बसून असतात. म्हणून हिशेब लवकर धाड.

खाली दोन ओळी बाबा स्वतः लिहितात म्हणाले. तुझ्याविना घरात भांडाले कोणी नाही, तब्येत जप.
तुझी,
पिंकी

बल्लीचा शेंडा धरू नये. बूडच धरावे. शेंडा दोन फूट वाया जातो हे हिशेबात घेणे.
वामन

---

घोड्यांचा फार्म
ता. १९ मे

चि. पिंकी,
जय भीम वि.वि. पत्र भेटलं. बाबांच्या दोन ओळी तुझ्या ओळीवर चढल्या अन् तुझं नाव त्याखाली गेलं. लिहिताना शेळी टेबलाले धडकली का?

हिशेब केला. आधी चुकला, मंग जास्त चुकला. एकशे वीस गुणिले अडीच, तीनशे फूट, हे मालकाच्या मुनीमानं करून देल्लं. तीनशेले आठानं भागलं त साडेसदतीस आले. अर्धा खांब कुठून आणू. मी अडतीस लिहिलं. मंग बिरजूनं अंगणात गोटे मांडले, दोन गोट्यायच्या मधात एक काडी, अन् म्हणाला का काड्या अडतीस असतीन त गोटे एकोणचाळीस, कारण शेवटच्या काडीले टेकाले कोणी पायजे. मी म्हणलो फार्मवर त काड्या तितकेच गोटे येतात. तो म्हणाला ते गोल फिरून पयल्या गोट्याले येते म्हणून. तुमचं कुंपण फिरून येतच नाई, जाते अन् तिथीच राह्यते, असं कुंपण त्यानं पाह्यलं नाई. मीबी नाई पाह्यलं. तरी एकोणचाळीस लिहून घे.

खांब पाच फुटाचा घ्याचा, दोन जमिनीत, तीन वर. कमरेइतकंच पायजे त तेवढं पुरते. पण बल्ली पायवाटेच्या अंगानं हे मले पटत नाई. इथी पयल्याच दिवशी मिस्त्रीनं शिकवलं का जिकडून वजन येते तिकडूनच बल्ली ठोकाची. घोडा आतून टेकते म्हणून आतून. भायेरून ठोकली का टेकल्याबरोबर खिळे उपटतात. आपल्या वाडीत वजन वाडीकडूनच येईन, शेळी असो का डुक्कर. पायवाटेवरून कोणाचं वजन येऊन राह्यलं? बाबांले इचार. मी चुकत असन त चुकत असन.

अन् फीत लावून मोज. लाकूडवाला पावलं घेणार नाई, त्याले डेपोतले दिवस माहीत नाईत. प्रवीणजवळ फीत असन. त्याच्याजवळ फीत आहे हे मले माहीत हाय अन् तुलेही, एवढंच म्हणतो.

बल्ल्या किती ते फीत लागल्यावर. इथी ऊन लय हाय, घोड्यायले पंखे हायेत, आम्हाले नाई. पत्र टाकाची कुचराई करू नको.
तुझा दादा,
विक्की

---

मोहर्ली
ता. २७ मे २०२५

ती. दादास,
जय भीम वि.वि. प्रवीणचं नाव तू ज्या तऱ्हेनं लिहिलं ते मी आईले वाचून दाखवलं नाही. तो फीत धराले आला, फीत धरली आणि गेला.

पण दादा, गडबड झाली आहे. फीत लावली तर एकशे बहात्तर फूट भरलं. मले वाटलं मीच चुकले, कारण फीत तीसच फुटाची, दर खेपेले खूण करून पुढं जावं लागे. पुन्हा मोजलं. एकशे बहात्तर. प्रवीणनं विहाराकडून उलटं मोजलं, एकशे बहात्तर आणि चार बोटं. तीनशे कुठी आणि हे कुठी. अर्धं-अर्धं होऊन राह्यलं.

बाबा दारात होते. मी आकडा सांगितला. त्यांनी पुन्हा विचारला, मी पुन्हा सांगितला. मग म्हणाले, फीत झिजली असन. फीत झिजून मोठी होते का छोटी हे काही ते बोलले नाहीत. उठून आत गेले. जेवताना मी पावलांचं काढलं तर आई माझ्यावरच आली की तुले मोजाले कोणी सांगितलं होतं, एकदा माणसानं मोजलं ना. आई अशी कधी बोलत नाही.

तुझा वजनाचा प्रश्नही विचारला. बाबा म्हणाले, मिस्त्री बरोबर शिकवते, म्हणूनच पायवाटेच्या अंगानं. मले काहीच समजलं नाही, तुले समजलं तर सांग.

तर आता खांब एकोणचाळीसच आणाचे का कमी? मी लाकूडवाल्याले अजून काही बोलले नाही. माझ्यासाठी नाही तर आईसाठी तरी शांतपणे लिही.
तुझी,
पिंकी

---

घोड्यांचा फार्म
ता. ३ जून

पिंके,
जय भीम. बाकी मागून.

बाबांचं पाऊल चुकत नाई. आमचं बोलणं बंद असूनही हे मी म्हणून राह्यलो, यावरून समज. डेपोत एकदा सायबानं पैज लावली होती, शंभर पावलं टाकाची अन् मंग फीत. हातभर फरक आला नव्हता, मी खांद्यावर बसून पाह्यलं हाय. मंग एकशे वीस पावलांची जागा एकशे बहात्तर फूट कशी होईन? एकशे अठ्ठावीस फूट गेली कुठी? जमीन काय उडून जाते?

मले एकच दिसते. कोणी तरी दाबली. आजकाल मोहर्लीत रस्त्यालगत हातभर जागेलेही भाव हाय. बाबांनी मोजल्यावर अन् तू मोजाच्या आधी कोणी तरी विहाराकडून सरकलं. धुऱ्याचा, हद्दीचा दगड जागेवर हाय का पाह्यजो. सातबारा आईच्या पेटीत हाय, तो तलाठ्याले नेऊन दाखव. प्रवीणचं घर मागंच हाय, त्याची फीत, त्याचंच मोजणं, हे मले आता बरोबर लागून नाई राह्यलं. बिरजू म्हणते मी येतो संगं, त्याच्या गावाले तसंही आता जाता येत नाई. आम्ही दोघं येऊन उभे राह्यलो का मंग पाहू कोण सरकते.

मिस्त्रीनं आज मले दोनदा हाकललं. मी खड्डा तीन फुटाचा खोदला, दोनाचा पायजे होता.

बाबांले यातलं काई सांगू नको, त्यायले वाटन मी भांडाले बहाणा पाहून राह्यलो. लवकर लिही.
विक्की

---

मोहर्ली
ता. ११ जून २०२५

ती. दादास,
पिंकीचा जय भीम वि.वि. आधी हे की कोणी कुठं सरकलं नाही. दगड जागेवर आहे, त्याच्यावर शेवाळ आहे, आणि विहार तर जागेवरून उठून आला नाही ना. एकशे अठ्ठावीस फूट सरकला असता तर आपल्या चुलीजवळ येऊन बसला असता. प्रवीणची माफी तू मनातल्या मनात माग.

परवा बाबा पुन्हा पावलं मोजाले निघाले. फीत खोटी पाडाची म्हणून. मी काही न बोलता मागून चालले. दादा, ते आधी एक पाय पुढं सरकवतात, चपलेनं जमीन चाचपतात, मग दुसरा त्याच्याजवळ आणतात. ते एक पाऊल. एकशे एकोणीस झाली आणि पायरी आली. मोजण्यात ते चुकत नाहीत. पाऊल अडीच फुटाचं राह्यलं नाही. दीडसुद्धा नाही.

वाटेत मी बकेट ठेवली होती. मुद्दाम नाही, भांडी घासत होते. ते तिच्यावर गेले. पडले नाहीत. मी मागं आहे हे त्यायले माहीतच नव्हतं, आणि मी त्यांच्यापासून चार हातावर होते, उन्हात.

त्या दिवशी आईनं सांगितलं. डिसेंबरपासून तिले माहीत आहे. नागपुरात दाखवून आले, मले म्हणाले होते पेन्शनच्या कागदाले चाललो. काचबिंदू आहे. मोतीबिंदूसारखं काढून होत नाही. गेली ती नजर आता येत नाही, थेंब टाकून राह्यली तेवढी टिकवाची. बाजूचं काही दिसत नाही, समोरचं धुरकट.

मग मागल्या वर्षीचं वाचन मले आठवलं. एकदा त्यांच्या हातून दोन पानं एकदम पलटली, पण आवाज थांबला नाही, मधलं सगळं बरोबर आलं. अठरा वर्षांत त्यांचं पाठ झालं आहे. पाठ म्हणत ते अजून किती तरी वर्षं बसतीन. पण तिथवर जाणं आहे. आईले म्हणाले, ज्या दिवशी कोणी हात धरून मले विहारात नेईन त्या दिवशी ग्रंथ खाली ठेवीन. काठी घ्या म्हणलं तर म्हणाले, काठी दिसते. कुंपण दिसत नाही, कुंपण सगळ्यांच्याच घरी असते.

तुलेच काऊन विचारलं हे मी आईले म्हणलं. ती म्हणाली, तुह्या बापाले दुसरं कसं बोलावता येते.

मी तुले सांगितलं हे त्यायले कळू देऊ नको. बाबा समजतात की घरात फक्त आईले माहीत आहे. लाकूडवाल्याचे भाव आणले: निलगिरीचा पाच फुटी खांब एकशे दहा, चौदा फुटी बल्ली एकशे ऐंशी, टेम्पोचे नऊशे. खड्डे खोदाले गावात माणूस मिळते, खड्ड्यामागं सत्तर. किती आणाचं ते आता नीट सांग. पौर्णिमा दहा जुलैले आहे.

मन घट्ट ठेव, आणि आमच्यावरचा राग जरा बाजूले ठेव.
तुझी,
पिंकी

---

घोड्यांचा फार्म
ता. १८ जून

चि. पिंकी,
जय भीम वि.वि. आईले जय भीम. बाबांले जय भीम.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा बिरजूनं वाचून दाखवलं, मले वाटलं मी काई दुसरंच वाचून राह्यलो. पायवाटेवरून वजन कोणाचं येते हे मीच इचारलं होतं. बाबांनी उत्तरही देल्लं होतं. मी जमिनीच्या मागं धावत बसलो, अन् पाऊल लहान होऊ शकते हे डोक्यात आलंच नाई. मले माहीत नाई मी कोणावर रागावलो हाय. सकाळी आईवर होतो, का सहा महिने लपवलं. दुपारी बाबांवर. मंग आठवलं का मी तरी या नऊ महिन्यांत कधी इचारलं.

काल कामाले सुट्टी होती. घोडे आत होते. मी डोळे मिटून इथल्या कुंपणाच्या बल्लीवर हात ठेवून चाललो, मिस्त्रीले वाटलं पिऊन हाय. पिंके, इतकं कुंपण घातलं मी, हे कसं हाय ते मले माहीतच नव्हतं. पयल्या दहा पावलांत खिळ्याच्या डोक्यानं बोट फाडलं. एका जागी दोन बल्ल्या जुळल्या तिथी वर-खाली हाय, पायरी आली असं वाटून मी पाय उचलला. अन् एका जागी बल्ली संपते अन् पुढची हातभर दूर सुरू होते. तिथी हात हवेत गेला अन् मी उभा राह्यलो. किती वेळ राह्यलो कोण जाणे. डोळे उघडले असते त झालं असतं, पण उघडावे वाटलं नाई. मी बाबांएवढी पावलं टाकून पाह्यली. आमची ही एक बाजू फीत लावून दोनशे फूट हाय. माझी एकशे चव्वेचाळीस झाली.

म्हणून आधीचं सगळं खोड. खांब आठावर नाई, सहा फुटावर. माणूस टेकते म्हणल्यावर बल्ली लवून चालणार नाई. एकशे बहात्तरले सहानं भागून बिरजूनं गोटे मांडले, काड्या एकोणतीस, गोटे तीस. एखादा वाकडा निघते म्हणून दोन वरचे, बत्तीस खांब. बल्ल्या चौदा फुटी घे. बाबा म्हणतात तसा शेंडा कापला का बारा राह्यते, बारा म्हणजे बरोबर दोन काड्या, म्हणजे जोड दर खेपेले खांबावरच येते, हवेत येत नाई. पंधरा लागतीन, सतरा घे. जाड टोकाले जाड टोक जुळवाचं, तिरपं कापून, का हात सरकत जाईन. खिळा एकही नाई. बोल्ट, अन् तोही बाजूनं आत बसवलेला. बोल्टाचे साडेसातशे धर. खांबाच्या बुडाले लावाले डांबराचा डबा चारशेचा, नाई त निलगिरी दोन पावसात सडते. विहाराची पायरी यायच्या आधी शेवटच्या दोन खांबांच्या मधात बल्लीच्या वरून तीन खाचा पाडाच्या, अंगठ्याएवढ्या. हाताले समजलं पायजे का आता पाय उचलाचा हाय. कोणी इचारलं त सांगजो, सुताराची हौस.

लाकूड आणलं का वाडीतच टाकून ठेवजो, दारापुढं नको, ते त्यावर अडखळतीन. अन् बकेटा उचलून ठेवत जा.

एक गोष्ट ध्यानात ठेव. बाबांनी इचारलं त सांगजो का हिशेब एकशे वीस पावलांवरच लावला, विक्कीनं फीत धरली नाई. खांब कमी काऊन आले म्हणतीन. त सांगजो फार्मवाल्यायची नवीन तऱ्हा हाय. ते हासतीन, हासू दे. त्यायचं पाऊल अडीच फुटाचंच हाय, घरात कोणी दुसरं बोलाचं नाई. प्रवीणलेही सांग. त्याची माफी मी मनातल्या मनात मागितली, उरलेली त्याले भेटून मागीन.

मालकाले पंधरा दिवसांची सुट्टी मागितली त त्यानं तोंड वाकडं केलं. मंग मिस्त्रीनं त्याले काई सांगितलं. बिरजू माझी जागा सांभाळते. जाऊन येऊन करीन का तिकडंच राहीन, मले सध्या काईच समजून नाई राह्यलं, अन् इचारू नको.

पैसे भोरच्या बँकेतून तुझ्या खात्यात टाकून राह्यलो. खांब, बल्ल्या, बोल्ट, डांबर, टेम्पो एवढंच त्यात हाय. तू लिहिलेल्या सत्तरच्या भावानं तीस खड्ड्यांचे एकवीसशे होतात, ते मी काटले, गावात कोणाले खोदाले सांगू नको, एक तारखेपर्यंत खोदणारा माणूस येते. कमी दिसले म्हणून घाबरू नको. माया ठेवजो.
तुझा दादा,
विक्की

रुपये आठ हजार सहाशे तीस फक्त.